कोकणातल्या वाडीला स्वतंत्र गावाचा दर्जा: ठरावापासून राजपत्रापर्यंत

कोकणात वाडी म्हणजे नकाशावरचा नुसता ठिपका नसतो. तिला स्वतःची विहीर असते, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट असते, बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळा असते, मुंबईत गेलेल्यांचं तिथे मंडळ असतं. पण सातबाऱ्यावर, जनगणनेत आणि सरकारी योजनांच्या यादीत नाव येतं ते मूळ गावाचं. खाडीपलीकडच्या किंवा सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या, वाडीतल्या माणसाला एका दाखल्यासाठी होडी नाहीतर दोन एसट्या बदलून ग्रामपंचायतीत जावं लागतं आणि नळपाणी योजनेची टाकी मूळ गावात बांधून होते. तेव्हा वाडीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच, 'आपण वेगळं गाव मागूया.' ही मागणी रास्त आहे आणि कायद्यात तिला वाट आहे. पण बहुतेक वाड्या सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. आधी आमदारांकडे निवेदन जातं, मग वर्तमानपत्रात फोटो येतो आणि फाइल मात्र पुढे सरकत नाही, कारण तिच्यात हद्दच नसते. तुमच्या गावाची सीमा कुठून कुठे, कोणते सर्व्हे नंबर आत आणि कोणते बाहेर, याचं उत्तर ज्या अर्जात नाही तो अर्ज तहसील कचेरीतून पुढे जात नाही.

आधी ठरवा: कोणतं गाव हवंय?

'स्वतंत्र गाव' या एका मागणीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत.

पहिली गोष्ट महसुली गाव. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ खाली तालुक्यात कोणती गावं असावीत आणि कोणत्या क्षेत्राचं गाव व्हावं, हे शासन अधिसूचनेने ठरवतं. गावाच्या हद्दी बदलणं, एका गावाची दोन करणं, नाव देणं हे सगळं याच कलमात येतं. महसुली गाव झालं की सातबारा, गाव नकाशा आणि जनगणनेचा आकडा वेगळा होतो. पण ग्रामपंचायत तीच राहू शकते. दोन-तीन महसुली गावं मिळून एक गट ग्रामपंचायत, हे कोकणात सर्रास आहे.

दुसरी गोष्ट स्वतंत्र ग्रामपंचायत. ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ आणि घटनेच्या अनुच्छेद २४३ खाली येते. इथे क्षेत्र वगळायचं किंवा हद्द बदलायची असेल तर संबंधित पंचायत आणि जिल्हा परिषदेची स्थायी समिती यांच्याशी सल्लामसलत करावी लागते. सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. मूळ ग्रामपंचायतीने विरोधाचा ठराव केला म्हणून तुमची मागणी तिथेच संपत नाही. मात्र त्या विरोधाचं वजन पडतं.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या वाडीची वस्ती मोठी नाही तिने आधी महसुली गाव मागावं. ग्रामपंचायत वेगळी झाली की दिवाबत्ती, पाणीयोजनेचं वीजबिल, शिपाई आणि पंप चालवणाऱ्याचा पगार सगळं आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीतून भागवावं लागतं. लोकसंख्येच्या प्रमाणात येणारा निधीही छोट्या वस्तीला थोडाच मिळतो. त्यात वाडीतली निम्मी घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतील तर वसुली कुठून होणार? नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही घ्या, वाडीतल्या घरांची एकूण मागणी काढा, गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष वसुली किती झाली ते बघा आणि हा हिशेब वाडीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. त्यानंतरही लोक ग्रामपंचायतच म्हणत असतील तर जरूर मागा.

ग्रामपंचायतीसाठी लोकसंख्या आणि अंतराचे निकष शासन निर्णयाने ठरलेले असतात आणि ते वेळोवेळी बदलतात. गटविकास अधिकाऱ्यांकडून चालू शासन निर्णयाची प्रत लेखी मागून घ्या. ऐकीव आकड्यावर मागणी उभी करू नका. एक मात्र ध्यानात ठेवा. लोकसंख्या धरली जाते ती शेवटच्या जनगणनेची आणि ती आपल्याकडे उतरती आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गात ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. मुंबईत मतदान असलेला चाकरमानी गणपतीला घरी येतो म्हणून तो गावाच्या लोकसंख्येत मोजला जात नाही.

पालघर जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्यांसाठी याहून वेगळी आणि जास्त सोयीची वाट आहे. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम यांनुसार पाड्यातले मतदार स्वतः ठराव करून आपल्या वस्तीला गाव म्हणून घोषित करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करू शकतात. तिथल्या मंडळींनी आधी ही वाट धरावी.

जनगणनेचं कुलूप

जनगणनेच्या आधी देशभर गाव, तालुका, जिल्हा यांच्या हद्दी गोठवल्या जातात. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ नंतर हद्दी बदलायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे मोजणी उरकेपर्यंत नव्या गावाची अधिसूचना निघण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. पण म्हणून स्वस्थ बसायचं कारण नाही. नकाशा, याद्या, ठराव, मूळ गावाशी बोलणी यातच मुख्य वेळ जातो आणि तो आताच घालवायचा आहे. कुलूप उघडेल तेव्हा तुमची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात पोचलेली असली पाहिजे. शिवाय प्रगणक दारी येईल तेव्हा वर्षभर वाडीत राहणारं एकही कुटुंब सुटू देऊ नका. पुढची कित्येक वर्षं तुमची लोकसंख्या म्हणून तोच आकडा पुढे केला जाणार आहे.

हद्द चालून काढा

हे काम सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात मोलाचं. त्याला फेब्रुवारी-मार्च हा चांगला काळ. रान वाळलेलं असतं, गडगे म्हणजे दगडी कुंपणं उघडी पडलेली असतात, शिमग्याला मुंबईकर आलेले असतात आणि आंबा काढायची घाई अजून सुरू झालेली नसते.

तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या. ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे कालपर्यंतच्या तलाठ्यांकडून, आकारबंद, म्हणजे सर्व्हे नंबरांचं क्षेत्र आणि महसुलाचा आकार दाखवणारी नोंद, आणि सातबारे घ्या. मग दोन-तीन जाणती माणसं बरोबर घेऊन हद्द प्रत्यक्ष चाला. त्यांत एक तरी गुरं राखलेला म्हातारा असावा. कुठल्या बांधाखाली जुना दगड आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

देशावर गावठाण एका जागी आणि शेती भोवताली असते. आपल्याकडे घरं आगरात म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, आगर मळ्याला लागून, वर वरकस म्हणजे उतारावरची हलकी जमीन आणि त्याच्यावर सडा. एकेका सर्व्हे नंबरचे पंधरा-वीस हिस्से. म्हणून हद्द 'अमुक सर्व्हे नंबरापर्यंत' अशी लिहून चालत नाही, हिस्स्यापर्यंत जावं लागतं. शक्य तिथे हद्द नैसर्गिक खुणेवर ठेवा: वहाळ म्हणजे ओढा, पऱ्या म्हणजे लहान ओहळ, सड्याची धार, खाडीचा काठ. सर्व्हे नंबर मधोमध कापायची वेळ आली तर तो पोटहिस्स्याच्या रेषेवरच कापा. नाहीतर प्रत्येक खातेदाराची वेगळी मोजणी करावी लागेल आणि प्रस्ताव तिथेच अडेल.

वहीत नोंद अशी करत जा:

'उत्तरेला साकवापासून वहाळाच्या मध्याने खाली खाडीपर्यंत. साकवाच्या पूर्वेचा सर्व्हे नंबर ४२, हिस्सा १ ते ६ आत. हिस्सा ७ मूळ गावात. हिस्सा ६ आणि ७ मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, उंची कमरेएवढी, मधे एक बेडं.'

नंबर अर्थात नमुन्यादाखल आहेत. साकव म्हणजे लहान पूल, बेडं म्हणजे गडग्यातलं फाटक. अशी पाच-सहा पानं झाली की तुमच्या हातात जे असतं त्याच्यावर तहसीलदार बोलू शकतात.

चार ठिकाणी विशेष सांभाळा. किनाऱ्यावरच्या खारवी, गाबीत, कोळी, दालदी वस्त्यांत पुष्कळ घरं सरकारी जमिनीवर असतात, त्यांना सातबारा नसतो. खाजगी खातेदारांचे हिस्से जोडत हद्द काढली की नेमकी ही घरं बाहेर राहतात. ती जमीन नावानिशी यादीत घ्या. दुसरं, खाडीकाठच्या खाजण जमिनीचे आणि खारभूमीचे बांध. बांध एका गावात आणि त्यामागची शेतं दुसऱ्यात असं झालं की बांध फुटल्यावर दुरुस्ती कोणी करायची यावर वर्ष जातं, तोवर शेतात खारं पाणी. तिसरं, पाणवठा. वाडीची नळयोजना ज्या झऱ्यावर किंवा विहिरीवर आहे ती जागा हद्दीत येते का ते बघा. येत नसेल तर पाण्याचा हक्क मूळ गावाच्या ठरावात लिहून घ्या. चौथी देवराई. तिच्यावर हक्क सांगू नका. देवराई ग्रामदेवतेबरोबर मूळ गावात राहू द्या.

मूळ गावाशी बोलणं

इथे कायद्यापेक्षा माणसं मोठी आहेत. वाडी वेगळी होणार म्हटलं की गावकीत पहिला प्रश्न निधीचा निघत नाही. प्रश्न असतो पालखीचा. शिमग्याला पालखी त्या वाडीत जाणार का? मान कोणाचा? गाऱ्हाणं घालताना वाडीचं नाव घेणार का? ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. वडीलधाऱ्यांच्या मनात गाव म्हणजे ग्रामदेवतेची शीव, आणि तुम्ही ती मोडताय असं त्यांना वाटतं.

म्हणून अर्ज देण्याआधी वाडीतल्या चार ज्येष्ठांनी मानकऱ्यांच्या घरी जावं. तरुण मंडळींनी मागे बसावं. सांगायचं ते एवढंच: महसुली गाव वेगळं झालं तरी देवस्थानाचे मानपान, पाळ्या, राहाटी म्हणजे पारंपरिक रीत, यांना सरकारी अधिसूचना हात लावत नाही. पालखीचा मार्ग जो आहे तोच राहील, वाडीची वर्गणी जी आहे ती चालू राहील. आणि हे तोंडी न ठेवता गावकीच्या वहीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. मूळ गाव आडवं गेलं तर कुठल्याही वाडीची फाइल रखडते, आणि त्या आडवं जाण्यामागे बहुतेक वेळा हाच न विचारलेला प्रश्न असतो.

मग मालमत्तेचं बोला. शाळा, अंगणवाडी, स्मशानभूमी, समाजमंदिर, रस्ते, पाण्याची टाकी, विंधनविहिरी यांची यादी ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांतून काढा आणि कोणती मालमत्ता कोणाकडे याचा कच्चा मसुदा तुम्हीच करून न्या. स्मशान एकच असेल तर ते दोघांचं, असं स्पष्ट लिहा. मृत्यूच्या दिवशी हद्दीचा वाद कोणावरही येऊ नये.

ग्रामसभा

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल ती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. तुमचा विषय नोटिशीतल्या विषयपत्रिकेवर छापून येईल याची आधीच खात्री करा. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये घेतलेला ठराव पुढे कोणीही कमकुवत ठरवू शकतो. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, पण तिथे नवा विषयही घेता येत नाही. म्हणून विषय पहिल्या नोटिशीतच हवा.

मतदान गावच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच. मुंबई मंडळाची माणसं शेकड्याने आली तरी हात वर करण्याचा हक्क त्यांना नाही आणि त्यांनी तसा आग्रह धरला तर मूळ गावाला आयताच आक्षेप मिळतो. मंडळाने मोजणी फी, नकला, प्रवासखर्च आणि फाइलचा पाठपुरावा सांभाळावा. ते काम काही कमी नाही.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. तुमच्या वाडीतल्या बायकांनी ती खरोखर घ्यायला लावावी. दाखल्यासाठी किती अंतर, पाण्याला किती फेऱ्या, आजारी माणसाला पाखाडीवरून डोलीतून कसं न्यावं लागतं, हे त्यांच्या तोंडून इतिवृत्तात आलं तर प्रस्तावाला नुसत्या आकड्यांपेक्षा जास्त बळ मिळतं.

ठरावाचा मसुदा असा करता येईल:

'मौजे ____ येथील ____ वाडी ही मूळ गावापासून ____ किलोमीटर अंतरावर असून मध्ये खाडी/वहाळ आहे. वाडीत ____ कुटुंबे व ____ मतदार आहेत. सोबतच्या परिशिष्टात नमूद केलेले सर्व्हे नंबर व हिस्से मिळून ____ या नावाचे स्वतंत्र महसुली गाव निर्माण करण्यास ही ग्रामसभा संमती देत आहे. सामाईक पाणवठा, स्मशानभूमी व रस्ते यांचा वापर दोन्ही गावांस पूर्वीप्रमाणे राहील. सूचक: ____ अनुमोदक: ____ ठराव बहुमताने/सर्वानुमते मंजूर.'

ग्रामसभेबरोबर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचाही ठराव घ्या, कारण सल्लामसलत पंचायतीशी होते. दोन्ही ठरावांच्या सहीशिक्क्याच्या प्रती त्याच आठवड्यात हातात घ्या.

नावाबद्दल एक सूचना. राज्य शासनाने २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे वाडीचं चालू नाव जातीवरून असेल तर नव्या गावाला ते मागू नका. जवळचा डोंगर, झरा, जुनं स्थळनाम यातून नाव शोधा आणि तालुक्यात त्याच नावाचं गाव आधीच नाही ना ते तपासा.

अर्ज आणि फाइलचा प्रवास

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, मार्फत तहसीलदार. ग्रामपंचायतीची मागणी असेल तर त्याचीच दुसरी प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, मार्फत गटविकास अधिकारी. अर्ज दोन पानांहून मोठा नको. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात अंतर आणि अडचण, तिसऱ्यात हद्द, बाकी सगळं परिशिष्टात: हद्दीत येणाऱ्या सर्व्हे-हिस्स्यांची यादी क्षेत्र आणि आकारासह, गाव नकाशावर लाल रेषेने दाखवलेली हद्द, कुटुंबांची यादी, मतदारयादीचा संबंधित भाग, नमुना ८ चा उतारा, दोन्ही ठराव, मूळ गावाशी झालेल्या समझोत्याची प्रत आणि मतदारांच्या सह्या. मतदारयादीत वाडीच्या नावाचा अनुभाग वेगळा असेल तर तो नक्की जोडा, कारण प्रशासन तुमच्या वाडीला वेगळी वस्ती मानतं याचा तो सरकारीच पुरावा आहे. सह्यांपुढे मतदार क्रमांक लिहा. अंगठा असेल तिथे साक्षीदाराची सही घ्या. मुंबईकरांच्या सह्या हव्याच असतील तर वेगळ्या पानावर 'खातेदार' म्हणून घ्या, मतदारांत मिसळू नका.

आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पोचप्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुढे फाइल ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे चौकशीला खाली येते. ते पंचनामा करतात, जबाब घेतात. त्या दिवशी हद्द चाललेली माणसं हजर ठेवा आणि तुमची वही दाखवा. भूमी अभिलेखचा अभिप्राय येतो. मग तहसीलदार, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी असा अहवाल वर जातो. कोकण विभागीय आयुक्तांचं कार्यालय बेलापूरला कोकण भवनात आहे, तिथवर पाठपुरावा करावा लागला तर मुंबई मंडळ उपयोगी पडतं.

महिना-दीड महिना हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. 'आमच्या अर्जाचं काय झालं' असं विचारू नका. विचारा: 'आवक क्रमांक अमुक या प्रकरणावरील टिपणीची प्रत द्यावी, आज प्रकरण कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून आहे ते सांगावे.' उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याचा दप्तर दिरंगाईविरुद्धचा २००५ चा कायदाही आहे. त्यानुसार साधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. भांडणापेक्षा नम्रपणे तारखा विचारण्याने काम जास्त होतं, पण त्या तारखा लेखी मागा.

हरकतींचा काळ

अंतिम अधिसूचनेआधी प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवणं संहितेनुसार बंधनकारक आहे. नोटीस राजपत्रात आणि चावडीवर लागते. या काळात वाडीतल्या लोकांनी समर्थनाच्या सूचनाही लेखी द्याव्यात. पुष्कळदा कार्यालयात फक्त विरोध पोचतो आणि फाइलवर चित्र एकतर्फी होतं. प्रारूपातली सर्व्हे नंबरांची यादी आपल्या वहीशी ओळीने ताडून बघा. टंकलेखनात हिस्सा ७ चा १ झाला तर एखाद्याचं घर दुसऱ्या गावात जातं, आणि अंतिम अधिसूचनेनंतर ती दुरुस्ती करायला पुन्हा हीच सगळी वारी.

सुनावणीला हद्द माहीत असलेला एकच माणूस बोलू द्या.

अधिसूचना निघाल्यावर

राजपत्राच्या पाच-दहा प्रती काढून ठेवा, त्या पुढे प्रत्येक कार्यालयात लागतात. मग ओळीने कामं असतात: नव्या गावाचे सातबारे आणि आठ-अ उतारे वेगळे निघाले का, फेरफार प्रलंबित असलेल्या खात्यांचं काय झालं, गाव नकाशा तयार झाला का, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावाला संकेतांक मिळाला का. हा संकेतांक नसेल तर ऑनलाइन अर्जांच्या यादीत गावाचं नावच दिसत नाही आणि योजना अडतात. ज्यांचं पीककर्ज किंवा घरकर्ज आहे त्यांनी नवा सातबारा आपणहून बँकेत नेऊन द्यावा. मच्छीमार सोसायटीचे सभासद, होडीची नोंदणी, रेशनकार्ड यांवरचे पत्ते लगेच बदलले नाहीत तरी चालतं, पण जमीन विकण्याच्या किंवा वारस लावण्याच्या बेतात असलेल्यांनी आधी उतारा नीट तपासावा.

ग्रामपंचायत वेगळी झाली असेल तर निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासक बघतो. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते, १५०० पर्यंत सात. निम्म्या जागा महिलांच्या. मालमत्ता आणि शिल्लक निधीची वाटणी याच काळात होते, तेव्हा मूळ गावाशी केलेला समझोता प्रशासकाच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्या आणि घरपट्टीच्या थकबाकीची यादीही त्याच वेळी मागून घ्या.